माझा अनुभव : पित्ताचे खडे, कॅशलेस आणि केस पेपरवरची एक ओळ

ईआरसीपी (पित्तनलिकेतला खडा दुर्बिणीतून काढणं) झाली, दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, अण्णा वॉर्डात फेऱ्या मारायला लागले. इथवर सगळं सुरळीत. अडकलो ते घरी निघताना, टीपीए डेस्कवर, म्हणजे हॉस्पिटलातल्या विम्याच्या काउंटरवर. (कॅशलेस म्हणजे बिल विमा कंपनी थेट हॉस्पिटलला देते, पण आधी तिची मंजुरी लागते.) राग अजून पुरता उतरलेला नाही, तेव्हा सूर चढला तर सांभाळून घ्या.

आजाराचं थोडक्यात. अण्णांचे डोळे पिवळे, अंगाला खाज, लघवी गडद. गल्लीतल्या दोघा-तिघांनी काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याचा पत्ता दिला आणि अण्णा चपला घालून तयारही झाले. पण ही कावीळ खडा पित्तनलिकेत अडकल्यामुळे होती, तिथं झाडपाला काय करणार? (अशा काविळीत थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघू नका. नळीत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो.) रक्तात डायरेक्ट बिलीरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं (पित्ताची वाट अडली की हे वाढतात), सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आणि सीबीडी, म्हणजे मुख्य पित्तनलिका, फुगलेली. एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकेच्या एमआरआयमध्ये, नळीतला खडा स्पष्ट दिसला. म्हणून आधी ईआरसीपी : तोंडातून दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात, नळीच्या तोंडाशी छोटा छेद देतात, खडा ओढून काढतात आणि प्लॅस्टिकचा स्टेंट, म्हणजे बारीक नळी, ठेवतात. मग लॅप कोली, म्हणजे दुर्बिणीतून पित्ताशय काढणं. ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. अण्णांचं लायपेज (ती सूज दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आलं तेव्हा कुठं माझ्या घशाखाली चहा उतरला.

आता डिस्चार्जचा दिवस. सकाळी राउंडला सर "घरी जा" म्हणाले. भावानं सात रस्ता चौकातून रिक्षासुद्धा आणून उभी केली. डेस्कवरचा मुलगा म्हणाला, "क्वेरी आलीय मॅडम, थांबा की ओ जरा." कसली क्वेरी? "कंपनीची." एवढंच. दर वेळी तेच उत्तर, आणि नजर मोबाईलमध्ये. शेवटी मी काउंटरच्या आत जाऊन स्क्रीन वाचली.

कंपनीनं विचारलं होतं : कोलेलिथियासिस आणि कोलेडोकोलिथियासिस या दोन निदानांचा कालावधी वेगवेगळा द्या, पहिल्या तपासणीचा कागद जोडा, आणि तीन वर्षांपासूनचा आजार पॉलिसी घेताना जाहीर का केला नाही ते कळवा. पहिलं म्हणजे पित्ताशयात खडे, दुसरं म्हणजे नळीत उतरलेला खडा. हे मला एव्हाना पाठ झालं होतं. पण तीन वर्षं कुठून आली? आमच्या पॉलिसीलाच तीन वर्षं व्हायची होती.

फाइल दाखवायला नर्स तयार नव्हती. बरंच बोलल्यावर हिस्टरी शीटचा फोटो मिळाला. भरतीच्या रात्री शिकाऊ डॉक्टरनं लिहून ठेवलं होतं, "के/सी/ओ कोलेलिथियासिस, 3 इयर्स". के/सी/ओ म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार. मी त्या वेळी कॉटशेजारीच उभी होते. अण्णा म्हणाले, "मी तर गॅसचं बोललो होतो गं पोरी." अगदी खरं. तीन वर्षं गॅस, खडे कळले ते या आठवड्यातल्या सोनोग्राफीत. त्या एका ओळीमुळे खडे पॉलिसीच्या आधीचे ठरले आणि आम्ही ते लपवले असा अर्थ निघाला!

सर ओटीत. ओटी संपली तर ओपीडीत. मधल्या वेळात असिस्टंटनं पत्र दिलं, "आजार अलीकडचा आहे." असल्या पत्रावर कंपनी परत विचारणार हे मला दिसत होतं, आणि तसंच झालं. मग मीच कागदावर मुद्दे काढले आणि ओपीडीच्या दारात उभी राहिले. सरांनी वाचून दोन मिनिटांत सही-शिक्का दिला. पत्रात हे हवंच : तीन वर्षांची तक्रार अपचनाची होती, खडे प्रथम अमुक तारखेच्या सोनोग्राफीत आढळले, पित्ताशयातला खडा नळीत उतरला, म्हणून दोन निदानं असली तरी आजार एक, म्हणूनच ईआरसीपी आणि लॅप कोली दोन्ही लागल्या. हिस्टरी शीटमधली ओळही सरांनी खोडाखोड न करता, एक रेघ मारून, तारीख आणि सही घालून दुरुस्त केली. ओव्हररायटिंग असेल तर नवी क्वेरी येते.

एवढं होऊनही मंजुरी येईना. कळलं की अंतिम बिल कंपनीला गेलंच नव्हतं, कारण उरलेली औषधं फार्मसीला परत करायची राहिली होती. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जची मंजुरी 3 तासांत द्यायची असते, पण हे तास हॉस्पिटलची विनंती कंपनीला मिळाल्यापासून मोजतात. डेस्कवर आपण किती ताटकळलो ते त्यात धरत नाहीत. म्हणून "बिल पाठवलं का, किती वाजता?" हा प्रश्न सकाळीच विचारा. मी परिपत्रकाचं नाव घेतल्यावर तो मुलगा पहिल्यांदा खुर्चीतून उठला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मंजुरी रात्री आली. हातमोजे वगैरे नॉन-मेडिकल म्हणून कापले, ते भरून निघालो.

हो, आणि भरतीच्या वेळी डॉक्टर हिस्टरी लिहितात तेव्हा घरचं माणूस शेजारी ठेवा आणि काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा, हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं. पुष्कळ पॉलिसींत पित्ताच्या खड्यांना 2 वर्षांचा वेटिंग पीरियड असतो (तोवर क्लेम मिळत नाही), तोही आधीच बघून ठेवा. पित्ताशयाचा बायोप्सी रिपोर्ट नंतर मिळतो, तो मागून घ्या. स्टेंट काही आठवड्यांनी काढावा लागतो, त्याची तारीख डिस्चार्ज कार्डावरच लिहून घ्या. त्याचा क्लेम वेगळा करावा लागतो आणि तेव्हा हेच पत्र पुन्हा मागतात. मी चार झेरॉक्स काढून ठेवल्यात.