साक्षीत डायलिसिसही सांगा

मी बडोद्यात एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये डायलिसिस टेक्निशियन आहे. लोकांना वाटतं आम्ही बटण दाबून बसतो, पण आमचा अर्धा जीव पाण्यात असतो, एका पेशंटला चार तासांत साधारण १२० लिटर आरओचं पाणी लागतं आणि ते त्याच्या रक्ताच्या अगदी शेजारून वाहतं, मध्ये फक्त एक पातळ पडदा. दुसरं म्हणजे फिस्टुला, हातावरची सुई घालायची जागा. धमनी आणि शीर जोडलेली असते तिथे बोटं ठेवली की थरथर लागते, ती बघितल्याशिवाय सुई घालायचीच नाही. घाईत हे न बघणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत.

तर दांडिया बाजारात राहणाऱ्या, आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या एक मावशी डायलिसिसला यायच्या अचानक बंद झाल्या. फोन केला तर मुलगा म्हणाला, बरं आहे तिला. आणि सोमवारी सकाळी व्हीलचेअरवरून आणलं, आडवं होता येईना इतका दम, पाय सुजलेले, रक्तातलं पोटॅशियम ७.२, म्हणजे जीवाला धोका होईल इतकं जास्त, आणि ईसीजीत टी वेव्ह उंच आणि टोकदार, म्हणजे त्याचा हृदयावर परिणाम दिसत होता. डॉक्टरांनी लगेच कॅल्शियम दिलं, मी हात बघितला तर फिस्टुला चालू होता, तिथेच मनात प्रभूचे आभार मानले आणि मशीन लावलं.

झालं काय, तर प्रार्थनासभेत मंडळीतल्या एका भावाने साक्ष दिली की प्रभूने त्याची किडनी पूर्ण बरी केली. साक्ष खरी आहे, मी त्याला ओळखतो. पण त्याची किडनी मलेरियात एकदम बंद पडली होती, अशी किडनी पुष्कळदा परत चालू होते आणि डायलिसिस सुटतं. मावशींची शुगरने वर्षानुवर्षं झिजत गेलेली, पण ती साक्ष ऐकून त्यांनी डायलिसिसला येणं सोडलं. त्या भावाने डायलिसिसचा शब्दही काढला नाही, कारण आपल्याकडे वाटतं डॉक्टरचं नाव घेतलं की देवाचा गौरव कमी होतो. मला याचा फार राग येतो. अरे, शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, प्रेषित पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो!

तिसऱ्या तासाला दम उतरला तेव्हा मावशी म्हणाल्या, "माझाच विश्वास कमी पडला का रे बाळा?"

मी म्हटलं, मावशी, पौलाने प्रभूला तीनदा विनंती केली तरी त्याच्या शरीरातला काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे एवढंच उत्तर मिळालं. मग आईचं सांगितलं. तिची किडनी बरी झाली नाही. पण मशीनवर असतानाच तिने ताईचं लग्न बघितलं, नाताळच्या करंज्या केल्या, आणि सुया लावलेल्या हाताने पडल्या पडल्या शेजारच्या बायकांची नावं घेऊन प्रार्थना करायची. मी या लाइनमध्ये आलो तो तिच्यामुळेच. देवाने आम्हाला दिलं ते हेच मावशी, मशीनसकट दिलं.

पलीकडच्या बेडवरच्या गुजराती बेन ऐकत होत्या. म्हणाल्या, "भाई, मारा माटे पण प्रार्थना करजो." ड्युटीवर मी आपणहून कोणाला काही सांगत नाही, पण त्यांनी मागितलं म्हणून दोन वाक्यांत केली, तेवढ्यात दुसऱ्या मशीनचा अलार्म वाजला आणि पळालो.

बुधवारी मावशी वेळेवर आल्या. त्यांना आता मंडळीत साक्ष द्यायचीय, डायलिसिससकट. राहिला तो भाऊ. माणूस चांगला आहे, त्याचा आनंद खरा आहे, तो न मोडता त्याला हे सांगायचं कसं ते मला अजून सुचत नाहीये. रविवारी उपासनेनंतर गाठणार आहे, चर्चच्या पाळकांना सोबत घ्यावं की एकट्यानेच बोलावं, तेही ठरत नाहीये.