तुम्ही विचारलंत म्हणून : मी ओपनिंगची नावे का सांगत नाही

मी मुलांना बुद्धिबळ शिकवते; डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींना ओपनिंग म्हणतात. वर्ग सुटला की कोणाचे तरी वडील दाराशी थांबतात आणि म्हणतात, "मॅडम, दोन वर्षं झाली, पण याला स्वतःच्या ओपनिंगचं नावसुद्धा सांगता येत नाही. तुम्ही नावं शिकवत का नाही?" या प्रश्नाला मी बरीच वर्षे एकच उत्तर देत आले : आधी चाली कळू द्या, नावे मागून येतील. हे उत्तर खोटे नाही. पण ते अपुरे आहे हे मला ठाऊक होते आणि विचारणाऱ्यालाही ते जाणवत असावे, कारण पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा येतो.

नावांविषयीची माझी तक्रार आधी सांगते. रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूने १५६१ साली पुस्तक लिहिले आणि ती ओपनिंग त्याची झाली, पण त्या चाली त्याच्याही आधीच्या हस्तलिखितांत सापडतात. १८२४ मध्ये सुरू झालेल्या एडिंबरा आणि लंडन यांच्या पत्रव्यवहारी सामन्यामुळे 'स्कॉच' हे नाव पडले, तर पॅरिस आणि लंडन यांच्या १८३४ च्या तशाच सामन्यामुळे 'फ्रेंच बचाव'. कीव्हच्या दुस-खोतिमिर्स्कीला सिसिलियन बचावातल्या काळ्या प्याद्यांची रांग कालेय (ड्रेको, म्हणजे ड्रॅगन) या तारकासमूहासारखी दिसली, म्हणून 'ड्रॅगन'. नाव कधी माणसाचे, कधी गावाचे, कधी आकाशातले. नाव ऐकून घोडा कोठे ठेवायचा हे कळत नाही, आणि ज्या मुलाला नाव येते त्याला ओपनिंगही येते अशी पालकांची समजूत मात्र होते.

म्हणूनच एके काळी मी संकेतांकांची मोठी पुरस्कर्ती होते. युगोस्लाव्हियातील बेलग्रेड येथे अलेक्सांदर मातानोविच यांच्या संपादनाखाली १९७४ पासून ओपनिंगच्या विश्वकोशाचे खंड निघू लागले. ए ते ई असे पाच विभाग आणि प्रत्येकात ०० ते ९९ असे शंभर कप्पे, म्हणजे जगातल्या सगळ्या सुरुवाती पाचशे कप्प्यांत. भाषेचे भांडण नाही, कोणाचा मानापमान नाही. मी मुलांकडून हे संकेतांक पाठ करून घेत असे. सिसिलियनला बी २० ते बी ९९ असे ऐंशी कप्पे मिळाले आणि बी-४, जी-४ (ही पटावरची घरे : अक्षर उभ्या पट्टीचे, आकडा आडव्या रांगेचा) यांसारख्या साऱ्या अनवट पहिल्या चाली एकट्या ए ०० मध्ये कोंबल्या गेल्या, याचे कारण त्या काळातले ग्रँडमास्टर काय खेळत होते यात आहे, हे मला दिसत होते. किंग्ज इंडियन आणि ग्रुनफेल्ड हे काळ्याचे बचाव म्हणजे सख्खी भावंडे, पण एकात काळे प्यादे डी-६ वर थांबते आणि दुसऱ्यात डी-५ वर जाते, एवढ्यावरून एक ई विभागात आणि दुसरे डी विभागात गेले, हेही दिसत होते. तरी ही व्यवस्था नावांपेक्षा शास्त्रशुद्ध आहे, असे मी ठामपणे म्हणत असे.

मग ती राष्ट्रीय वयोगट स्पर्धा आली. माझी विद्यार्थिनी बारा वर्षांची होती आणि पांढऱ्या मोहऱ्यांनी ती सी-४, म्हणजे इंग्लिश ओपनिंग, खेळत असे. रात्री नऊला दुसऱ्या दिवशीच्या जोड्या लागल्या. लॉजच्या खोलीत मी लॅपटॉप उघडला, प्रतिस्पर्धी मुलीचे काळ्या मोहऱ्यांचे डाव काढले आणि त्यांना ए १० ते ए ३९ ही चाळणी लावली, कारण इंग्लिश ओपनिंगचे घर तेच. सहा डाव आले. सहाही डावांत काळ्याचे उत्तर ई-५ हे होते. मी वहीत लिहून घ्यायला सांगितले आणि तिने तिच्या गोल अक्षरात लिहिले : "सी-४ ला ही मुलगी ई-५ खेळते." त्याखाली आम्ही बारा चालींपर्यंतची तयारी उतरवली. झोपायला साडेअकरा झाले.

सकाळी दोरीच्या अलीकडे उभी राहून मी पटाकडे पाहत होते. सी-४ झाली. काळ्याने घोडा एफ-६ वर आणला, मग जी-६, मग उंट जी-७ वर, मग डी-६. पट मोकळा दिसला म्हणून माझ्या मुलीने ई-४ आणि डी-४ करून मधली घरे घेतली, आणि सातव्या चालीपर्यंत पटावर किंग्ज इंडियनची भर रस्त्यावरची मुख्य स्थिती उभी राहिली, जी मी तिला कधीही शिकवली नव्हती. ती पंचवीस मिनिटे बसून राहिली. पेनाचे टोपण काढायची, लावायची. एकदा तिने मान वर करून दोरीकडे पाहिले आणि मी नजर खाली केली, कारण प्रशिक्षकाने खूण करायची नसते. पुढे मधली प्यादी अडकली, काळ्याची एफ आणि जी पट्टीवरची प्यादी तिच्या राजावर चालून आली आणि एकतिसाव्या चालीला तिने डाव सोडला.

सभागृहाबाहेर तिच्या वडिलांनी विचारले, "काय झालं, मॅडम?" मी म्हणाले, "तयारी झाली होती. ती विसरली." ती शेजारीच उभी होती. काही बोलली नाही. वही दप्तरात घातली आणि चेन ओढली.

संध्याकाळी मी चाळणी काढून ते सगळे डाव पुन्हा पाहिले. सी-४ ने सुरू झालेले डाव सहा नव्हते, अकरा होते. उरलेल्या पाचांत पांढऱ्याने पुढे डी-४ केल्यामुळे ते किंग्ज इंडियनमध्ये पोहोचले होते आणि संगणकाने त्यांना ई विभागात ठेवले होते. संकेतांक डाव कोठे पोहोचला ते पाहून दिला जातो, तो कोणत्या वाटेने आला ते पाहून नव्हे. हे मला माहीत होते, मी वर्गात शिकवतही होते, तरी घाईत आणि जोरात विश्वास ठेवला. दोष विश्वकोशाचा नाही. आठ दिवसांनी मी तिच्या वडिलांना फोन करून चूक माझी होती असे सांगितले. तिला मात्र मी इतकेच म्हणाले, की पुढच्या वेळी सगळे डाव बघू. दोन वर्षांनी तिने खेळ सोडला. दहावीमुळे, असे वडील म्हणाले, आणि मी ते मानून घेतले.

तेव्हापासून माझ्या वर्गात नाव नाही आणि संकेतांकही नाही. आधी मुलाने स्थिती मांडायची, इथे येण्याच्या दोन तरी वाटा दाखवायच्या, प्यादी कोणीकडे सरकणार ते सांगायचे. "मुलगा लंडन सिस्टीम खेळतो" असे पालक सांगतात तेव्हा मला भीती वाटते, कारण काळा काय करतो त्यावरून ती एकच मांडणी कधी डी ०० किंवा डी ०२ मध्ये जाते, कधी ए ४६, कधी ए ४८ मध्ये, आणि मुलाच्या डोक्यात मात्र एकच पाटी असते. यात कोणाला माझा हट्ट दिसत असेल तर तो आहे.

तरीही एका नावापाशी माझा नियम टिकत नाही. कोलकात्यात वकिली करणारा स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रेन महेशचंद्र बंद्योपाध्याय यांच्याशी शेकडो डाव खेळला. देशी पद्धतीत बहुतेक ठिकाणी प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके, त्यामुळे जी-६, डी-६ अशी आखूड पावले आणि लांब कर्णावर बसवलेला उंट ही महेशचंद्रांची सवयीची मांडणी होती. अशा मांडणीला पुढे 'इंडियन' हे आडनाव मिळाले. १८५५ च्या मे महिन्यातल्या त्यांच्या एका डावात कॉक्रेनने डी-४, सी-४ करून घोडा सी-३ वर आणला, तर महेशचंद्रांनी घोडा एफ-६, प्यादे जी-६ आणि तिसऱ्या चालीला प्यादे डी-५ असे उत्तर दिले. नेमक्या याच तीन चाली व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने १९२२ मध्ये रूढ केल्या, आणि जग त्यांना ग्रुनफेल्ड बचाव म्हणते. दुसरीकडे, १८४८ मध्ये याच महेशचंद्रांविरुद्ध पेत्रोव्ह बचावात कॉक्रेनने एफ-७ वर घोड्याचा बळी दिला, त्या चालीला कॉक्रेन गँबिट म्हणतात. पट एकच, दोन खेळाडू, आणि नाव एकालाच. महेशचंद्रांच्या वाट्याला देशाचे नाव आले, स्वतःचे नाही. कॉक्रेनने ते डाव टिपून ठेवले नसते तर तेवढेही आले नसते, हेही खरे आहे.

नावे म्हणजे नुसता मिरवण्याचा सोस, असे म्हणणारी जुनी मी इथे हरते. नाव पुसले की माणूस पुसला जातो, आणि संकेतांकाला माणसाची आठवणच नसते. मग शिकवायचे काय? ग्रुनफेल्डचा पहिला धडा असतो त्या दिवशी मी फळ्यावर नाव लिहीत नाही. मुले तीन चाली उतरवून घेतात आणि त्यांच्या शेजारी मी "महेशचंद्र, कोलकाता, १८५५" असे लिहायला सांगते. मागच्या महिन्यात एका स्पर्धेत पंचांनी माझ्या विद्यार्थ्याला सहज विचारले, "काय खेळलास?" तो आधी माझ्याकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "ग्रुनफेल्ड." ते त्याला कोणी शिकवले, हे मी विचारले नाही.