वादळ कुठे जाणार ते बऱ्यापैकी कळतं, केवढं होऊन येणार ते नाही

चक्रीवादळ आलं की तो नकाशा सगळीकडे फिरायला लागतो, मधे एक रेघ आणि तिच्याभोवती पुढे रुंद होत गेलेला कोन. आणि लोक बघतात फक्त रेघ. रेघ आपल्यावरून गेली नाही ना, मग सुटलो! कोन म्हणजे वादळाचा आकार असं समजणारेही भरपूर आहेत. तसं अजिबात नाहीये. अमेरिकेचं नॅशनल हरिकेन सेंटर हा कोन मागच्या पाच वर्षांत आपला अंदाज किती चुकला ते बघून आखतं, साधारण तीनपैकी दोन वेळा वादळाचं केंद्र त्याच्या आत राहावं या हिशोबाने. म्हणजे तिसऱ्या वेळी बाहेर. आणि हे फक्त केंद्राचं झालं, पाऊस आणि वारा तर कोनाबाहेर लांबवर पोचतोच. 2022 मध्ये फ्लोरिडाकडे आलेल्या इयान वादळाच्या वेळी बरेच दिवस सगळी चर्चा टॅम्पा शहराची चालली होती, वादळ धडकलं खाली दक्षिणेला कायो कोस्टाला.

तरी ट्रॅकच्या, म्हणजे वादळाच्या वाटेच्या बाबतीत मी हवामानवाल्यांच्या बाजूने आहे. कारण वादळ स्वतःहून फारसं कुठे जात नाही, आजूबाजूचे मोठे वारे त्याला ढकलत नेतात, एका बाजूला उच्च दाबाचं क्षेत्र, वरून येणारी एखादी द्रोणी (कमी दाबाचा लांबट पट्टा), आणि या हजारो किलोमीटर पसरलेल्या गोष्टी हवामानाच्या कॉम्प्युटर मॉडेलला नीट दिसतात. 2012 चं सँडी घ्या, युरोपियन मॉडेल जवळजवळ आठवडाभर आधीपासून सांगत होतं की हे डावीकडे वळून न्यू जर्सीच्या बाजूला येणार, तेव्हा अमेरिकेचं जीएफएस मॉडेल त्याला खुशाल समुद्रात पाठवत होतं. पंचाईत होते ती ढकलणारे वारेच ढिले पडले की. 2023 मध्ये बिपरजॉय अरबी समुद्रात रेंगाळत होतं तेव्हा कुठलं मॉडेल ओमानला नेतंय, कुठलं पाकिस्तानला, आणि शेवटी आलं गुजरातमध्ये जखाऊजवळ. अशा वेळी एका मॉडेलची एक रेघ बघण्यात काही अर्थ नाही, एन्सेंबल बघावं. म्हणजे सुरुवातीची स्थिती थोडी थोडी बदलून तेच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवतात (युरोपियनचे 51 रन असतात), सगळ्या रेघा एकत्र जात असतील तर ठीक, झाडूसारख्या पसरल्या असतील तर अजून कोणालाच माहीत नाही.

खरी गोची ताकदीची. समुद्राचं तापमान साधारण 26.5 अंशाच्या वर हवं हे सगळे सांगतात, पण ते नुसतं पृष्ठभागावर असून भागत नाही, गरम पाणी खोलवर हवं, नाहीतर वादळच खालचं गार पाणी घुसळून वर आणतं आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतं. मग विंड शिअर, म्हणजे खाली वारा एका दिशेला आणि वर दुसऱ्या, त्याने वादळ तिरकं होतं. मग बाजूने घुसणारी कोरडी हवा. आणि हे सगळं बरोबर धरलं तरी डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीत काय चाललंय ते उरतंच, ते काही किलोमीटरच्या पट्ट्यातलं काम, जागतिक मॉडेलच्या जाळीतून (मॉडेल हवेचे ज्या चौकोनांत तुकडे करून हिशोब करतं ती) बरंचसं निसटतं.

24 तासांत वारा 55 किमी प्रतितास किंवा त्याहून जास्त वाढला तर त्याला रॅपिड इंटेन्सिफिकेशन म्हणतात. ऑक्टोबर 2023 मध्ये मेक्सिकोजवळच्या ओटिस वादळाने याच्या कितीतरी पुढची मजल मारली. लँडफॉलच्या, म्हणजे जमिनीवर धडकण्याच्या साधारण एक दिवस आधी अंदाज होता की फार तर जेमतेम हरिकेन (तिकडे जोरदार चक्रीवादळाला म्हणतात) होईल, आणि अकापुल्को शहरावर आदळलं ते कॅटेगरी 5, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं! मॉडेलं झाडून सगळी चुकली. विमान आत गेलं तेव्हा कळलं की सॅटेलाइटवरून वाटतंय त्यापेक्षा वादळ बरंच तगडं झालंय.

हा विमानाचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण जगातल्या बहुतेक वादळांत विमान जातच नाही. तिथे ढगांचा आकार बघून वाऱ्याचा अंदाज बांधतात, व्हर्नन ड्वोरॅकने 1970 च्या दशकात बसवलेली पद्धत अजून चालते. म्हणजे उद्याची ताकद सोडा, आत्ताची ताकदसुद्धा अंदाजच असतो, आणि त्याच आकड्यावरून पुढचा हिशोब सुरू होतो.

आता ग्राफकास्टसारखी एआय मॉडेलं आलीत, ट्रॅकमध्ये भारी आहेत, मिनिटभरात दहा दिवसांचं सांगून टाकतात. पण त्याची जाळी साधारण 28 किमीची, शिकलेलं पण तेवढ्याच जाडीच्या डेटावर, त्यामुळे जोरदार वादळं त्यात मवाळ दिसतात. म्हणून मी तरी त्यातली रेघ घेतो आणि वाऱ्याचा आकडा सोडून देतो, त्यासाठी बुलेटिनच्या चर्चेत रॅपिड इंटेन्सिफिकेशनची शक्यता किती लिहिलीय ते शोधतो.