चौकटीवरचा हात

काल रात्री ती अ‍ॅड आली. सम्याने लिंक पाठवली, खाली फक्त "तुझी ना?" आणि मी चार वेळा बघितली. म्हातारी दारात येते, आत शिरायच्या आधी क्षणभर चौकटीवर हात ठेवते, मग पाऊल. तो हात माझा आहे. स्क्रिप्टमध्ये "आजी घरात येते" एवढंच होतं, मी अ‍ॅडचे स्टोरीबोर्ड काढते, म्हणजे शूटच्या आधी प्रत्येक शॉट चित्रात, आणि त्यातल्या नवव्या फ्रेममध्ये हात मी काढला, रात्री दोन वाजता, पेन्सिलने. डिरेक्टरच्या पोस्टमध्ये डीओपी म्हणजे कॅमेरावाला, एडिटर, कॉस्च्युम, हेअरवाली, सगळे टॅग आहेत. मी नाही. शूटच्या ग्रुपवर माझा नंबर "स्केचवाली" म्हणून फिरत होता तेव्हा काही वाटलं नव्हतं, आता ते पण लागतंय.

आईचा फोन दोनदा आला, उचलला नाही. ते वेगळं, त्यावर आज नको.

असं झालं की मी तोमिनोकडे जाते. योशियुकी तोमिनो, जपानी अ‍ॅनिमेशनचा दिग्दर्शक, रोबोंच्या गंडम मालिकेवाला. लोकांना त्याचं १९७९ चं गंडम माहितीय, मला त्याआधीची वर्षं जवळची वाटतात. १९६४ ला मुशी प्रॉडक्शन या ओसामू तेझुकांच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत लागला, त्यांच्या अ‍ॅस्ट्रो बॉय मालिकेवर शिकला, १९६७ ला बाहेर पडला आणि मग जो बोलावेल त्याच्यासाठी स्टोरीबोर्ड काढत राहिला, इतके की त्याला "भटका कॉन्तेवाला" म्हणायला लागले. कॉन्ते म्हणजे आपला बोर्डच. कागदावर एकाखाली एक पाच चौकटी, बाजूला हालचाल, मग संवाद, आणि शेवटच्या रकान्यात वेळ, सेकंदाचे पण २४ भाग करून. भटका कॉन्तेवाला. स्केचवाली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू.

१९७४ च्या हायडी या अ‍ॅनिमेशन मालिकेचे कितीतरी भाग त्याने बोर्ड केलेत. पण हायडी म्हटलं की नाव येतं दिग्दर्शक ताकाहातांचं, फार तर लेआउट, म्हणजे शॉटची मांडणी करणाऱ्या मियाझाकींचं, आणि ते बरोबरच आहे, ती मालिका ताकाहातांचीच. मग त्यातल्या एखाद्या शॉटमध्ये तोमिनोचा हात असेल तर तो कोणाचा? हेच कालपासून डोक्यात फिरतंय.

आणि गंमत बघा, जेव्हा स्वतःची मालिका मिळाली, गंडमचा मुख्य दिग्दर्शक म्हणून नाव आलं, तेव्हा स्टोरीबोर्डच्या जागी त्याने लिहिलं मिनोरू योकितानी. म्हणजे तोच, टोपणनावाने. रात्री मी स्वतःला हेच समजावत होते, की बघ, त्याने तर आपलं नाव आपणहून बाजूला ठेवलं. पण ते पटलं नाही. त्याने नाव बदललं, माझं कोणी लिहिलंच नाही, या दोन गोष्टी एक कशा होतील? योकितानी खोटं असेल पण पाटीवर होतं ना, त्या जागी कोणीतरी बसलाय हे दिसत होतं.

सकाळी परत अ‍ॅड लावली, आवाज बंद करून. तोमिनोने २००२ ला स्टोरीबोर्डवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात पडद्याच्या उजव्या आणि डाव्या बाजूचा, कामिते आणि शिमोतेचा विचार आहे, माणूस कुठून आत येतो त्यावर बघणाऱ्याला त्याचं वजन कसं वाटतं. माझी म्हातारी आधी उजवीकडून येत होती. ते वाचलेलं डोक्यात होतं म्हणून मी तिला डावीकडून आणलं, कारण तिला त्या घरात शिरणं जड जाणार होतं, आणि मग नुसतं येणं पुरेना म्हणून हात आला. शूटमध्ये त्यांनी बाजू बदलली नाही. हात पण पूर्ण सेकंदभर ठेवलाय, मी लिहिला होता तेवढाच. डिरेक्टरला घाईत तो सहज कापता आला असता.

हे बघून जरा शांत वाटलं. टॅगचं वाईट वाटतंच आहे, आणि पुढच्या वेळी पैशांबरोबर नावाचंही आधीच बोलून घेणार. पण सेकंद माझा राहिला.

आता उद्या दहाला तेलाच्या अ‍ॅडचे अठरा फ्रेम द्यायचेत. सासूबाई कढईपाशी, सून दारात. सून कुठून येणार ते ठरत नाहीये. उजवीकडून काढली, खोडली. आता तिच्या हातात काय असेल ते बघतेय.