डीमार्क ‘रिजेक्ट’वर नेताना: घोडं अडलं एसपीएफच्या दहावर

विद्यापीठाच्या नावाने फिरणारे बनावट मेल रोखायचे म्हणून डीमार्क (आपल्या नावाचा मेल तपासणीत नापास झाला तर त्याचं काय करायचं, हे सांगणारा नियम) लावायला घेतलं. डीकेआयएमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) किल्ली, ‘पी=नन’चं (अडवू नका, फक्त कळवा) रेकॉर्ड, ही एका दुपारची कामं. पुढचे आठवडे खाल्ले ते एसपीएफने, म्हणजे आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, त्या यादीच्या ओळीने.

एसपीएफ तपासताना १० डीएनएस लुकअपच (डोमेन-नावांच्या नोंदवहीला केलेल्या विचारणा) चालतात. ‘इन्क्लूड’ (दुसऱ्या सेवेची यादी जोडणं), ‘ए’, ‘एमएक्स’, ‘रीडायरेक्ट’ मोजले जातात, थेट लिहिलेले आयपी पत्ते नाहीत. गोम अशी की इन्क्लूडच्या पोटातले इन्क्लूडही आपल्याच नावावर चढतात. आमच्या ओळीत वरवर ६ दिसत होते. आत उतरून मोजले तर १४. तपासणी डावीकडून उजवीकडे होते आणि जुळलं की थांबते. म्हणून ओळीत आधी असलेल्या सर्व्हरचे मेल पास आणि शेवटच्यांचे ‘पर्मएरर’ (कायमची चूक, म्हणजे तपासणीच बाद). तक्रार मात्र एकच: “कधी जातो, कधी जात नाही!”

सुटका कापाकापीतच होती. पण कुठली सेवा कोण वापरतं, हे विभागांना विचारून तीन आठवडे कोणी दाद दिली नाही. विचारत बसूच नका. डीमार्कच्या ‘रुआ’ (अहवाल मागवायच्या) पत्त्यावर रोज एक्सएमएल अहवाल येतात. त्यात पाठवणारा आयपी, मेलची संख्या आणि निकाल असतो. त्यात न दिसणारे इन्क्लूड काढा. पण घाई नको: परीक्षेचे किंवा शुल्काचे मेल सत्रातून एकदाच जातात, एका महिन्याच्या अहवालात ते सापडणारच नाहीत. स्वतःच्या सर्व्हरचे आयपी थेट लिहा. घाऊक मेल सबडोमेनवर हलवा, तिथे १० ची मोजणी नव्याने सुरू होते. एसपीएफच्या दोन ओळी करून पळवाट काढू नका. एका नावावर दोन रेकॉर्ड म्हणजे पुन्हा पर्मएररच.

बाहेरची सेवा एसपीएफ पास दाखवते, तरी डीमार्क नापास होऊ शकतं, कारण एसपीएफ तपासतं तो परतीचा पत्ता तिच्या डोमेनचा असतो, पाठवणारा म्हणून दिसणारा आपल्या. तिच्याकडून आपल्या डोमेनची डीकेआयएम सही करून घ्या. फॉरवर्ड केलेला मेलही त्या सहीवरच तगतो. मेलिंग लिस्टने तळाशी ओळ जोडली तर तीही तुटते.

हे सगळं झाल्यावरच ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका), मग ‘रिजेक्ट’ (घेऊच नका).

हो, किल्लीचं राहिलंच: २०४८ बिटची किल्ली टीएक्सटीच्या (डीएनएसमधल्या मजकुराच्या नोंदीच्या) २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही. अवतरणचिन्हांत दोन तुकडे करा, आणि चिकटवताना शेवटचं अक्षर गळलं नाही ना, तेवढं बघा.