किंमत विचारावी लागते तेव्हा

इंग्लंडमधल्या यॉर्कच्या स्टोनगेट गल्लीत एका जवाहिऱ्याचं दुकान आहे. कामावर जाताना रोज तिथून जाते. काचेमागे मखमलीवर अंगठ्या मांडलेल्या असतात, बहुतेकींपाशी नखाएवढी चिठ्ठी आणि तिच्यावर पौंडांचा आकडा. मधल्या तीन-चार अंगठ्यांपाशी मात्र चिठ्ठीच नाही. पहिल्या वर्षी वाटलं, पडून गेली असेल. मग कळलं की कायद्यानेच ही सूट दिलेली आहे. इकडे २००४ चा एक आदेश आहे, त्यानुसार गिऱ्हाइकाला विकायच्या वस्तूची किंमत त्याला न विचारता कळली पाहिजे. पण खिडकीत मांडलेला दागिना किंवा घड्याळ ३००० पौंडांच्या वरचं असेल, तर तिथे किंमत लावायची सक्ती नाही. जुन्यापुराण्या दुर्मिळ वस्तू आणि चित्रं-शिल्पं यांना तर हा आदेशच लागू नाही. म्हणून इथल्या अँटिकच्या दुकानात किंमत नसलेली कपाटं सर्रास दिसतात आणि जाहिरातीत आकड्याच्या जागी ‘पीओए’ ही तीन अक्षरं असतात. म्हणजे किंमत हवी तर विचारा.

आपल्याकडे छापील एमआरपी असते, तशी इथे नसते. पाण्याची तीच बाटली स्टेशनवर महाग आणि सुपरमार्केटमध्ये स्वस्त मिळते, आणि त्यात बेकायदा काही नाही. दुकानदाराने वाटेल ती किंमत लावावी, फक्त लावलेली किंमत दिसली पाहिजे. आपल्याकडे उलटं आहे. पाकीटबंद मालावर कमाल किंमत छापलेली, तिच्यापुढे कुणी जायचं नाही. पण ठाणावरचं कापड, घडी घालून रचलेल्या साड्या, तराजूत पडणारं सोनं, तिथे बोलूनच भाव कळतो.

सोन्याचं मला पटतं. इंदूरच्या सराफ्यात सकाळी भाव निघतो तो उद्या राहत नाही, त्यात वजन वेगळं, घडणावळ वेगळी. चिठ्ठी लावली तर रोज बदलावी लागेल. आमचा सराफ कागदावर हिशोब मांडून दाखवायचा, वजन, भाव, घडणावळ, कर. चिठ्ठी नसली तरी लपवाछपवी नसायची.

साडीची गोष्ट तशी नाही. साडीचा भाव रोज बदलत नाही. तो गिऱ्हाइकागणिक बदलतो.

मागच्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नासाठी इंदूरला घरी आले होते, तेव्हा आत्याबरोबर महेश्वरी घ्यायला सीतलामाता बाजारात गेले. रिक्षातून उतरतानाच आत्या म्हणाली, “तू बोलू नकोस गं तिथे. परदेशातली म्हटलं की भाव चढतो. आणि ते घड्याळ पर्समध्ये ठेव.” मी ठेवलं. आत गादीवर बसलो, चहा आला, शेठजींनी आत्याच्या गुडघ्यांची चौकशी केली. सुती-रेशमी महेश्वरी उलगडत गेल्या, बुगडी काठाची, रुईफुलाची, दोन्ही बाजूंनी नेसता येणाऱ्या काठाची. एकीवरही आकडा नव्हता. पण प्रत्येक साडीच्या कोपऱ्याला दोऱ्याने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा होता आणि त्यावर पेन्सिलीने तीन-चार अक्षरं. भाव सांगण्याआधी शेठजी तो तुकडा अंगठ्याने उलटून बघायचे.

आत्याची आणि त्यांची चाळीस वर्षांची ओळख, म्हणून मी धीर करून विचारलं. त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. त्यांच्या आजोबांनी दहा अक्षरांचा एक शब्द ठरवला होता. एकही अक्षर पुन्हा येत नाही असा. पहिलं अक्षर म्हणजे एक, दुसरं म्हणजे दोन, शेवटचं म्हणजे शून्य. चिठ्ठीवर असते ती खरेदीची किंमत. गादीवरच्या कुठल्याही मुलाला त्यावरून कळतं की किती खाली उतरायचं आणि कुठे थांबायचं. गिऱ्हाइकाला कळत नाही आणि शेजारच्या दुकानदाराने माणूस पाठवला तर त्यालाही कळत नाही. शब्द कोणता ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारला नाही. तो घरातला शब्द. म्हणजे किंमत साडीवर होतीच. ती फक्त आम्हाला वाचता येत नव्हती.

आत्याने चार हजार सांगितलेली साडी एकतीसशेला घेतली, घासाघीस करताना एकदाही आवाज चढवला नाही. तिला त्यात आनंद आहे आणि शेठजींनाही. हे नातं मला यॉर्कमध्ये कुठल्याच दुकानात सापडलेलं नाही, ते जावं असं मला मुळीच वाटत नाही.

पण मला माझं अकरावं वर्ष आठवतं. रामबागेतल्या घरून आईने मला सायकलवर साडीचा फॉल आणि ब्लाउजचं अस्तर आणायला पाठवलं होतं. दुकानदाराने विचारलं, “किसने भेजा?” मी म्हटलं, मम्मीने. त्याने पंचेचाळीस रुपये सांगितले, मी मुठीतल्या नोटा दिल्या. घरी आल्यावर आईने पिशवी उघडली. तेवढ्याच मालाचे ती तीस द्यायची. ती मला रागावली नाही. एवढंच म्हणाली, “कमी करा म्हणून विचारलं नाहीस का गं?” त्या रात्री मला झोप लागली नाही. माझं काय चुकलं तेच मला कळत नव्हतं.

याचं उत्तर मला यॉर्कमध्ये आल्यावर मिळालं. हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींचं गाव. चॉकलेटवाल्या राउनट्री घराण्याचं किराणा दुकान इथेच पेव्हमेंट नावाच्या रस्त्यावर १८२२ मध्ये सुरू झालं, तेही क्वेकर. या पंथाच्या दुकानदारांनी सतराव्या शतकातच घासाघीस सोडून दिली होती. मागायचा भाव एक आणि घ्यायचा दुसरा, हे त्यांच्या लेखी खोटं बोलणंच होतं. पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांनी लिहून ठेवलंय की सुरुवातीला गिऱ्हाईक तुटलं, मग लोकांना कळलं की यांच्या दुकानात एखादं मूल पाठवलं तरी त्याला मोठ्या माणसासारखाच माल आणि भाव मिळतो. ते वाचताना मी उठून खिडकीपाशी गेले. अस्तर घेऊन सायकलवर निघालेली मीच मला दिसले.

पुढे १८५२ पासून पॅरिसच्या बाँ मार्शे या भल्यामोठ्या दुकानात आणि मग अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांत एकच लावलेली किंमत रुळली, त्याचं कारण बरंच व्यवहाराचं होतं. शेकडो नोकरांना घासाघीस शिकवायची कशी आणि त्यांच्यावर विश्वास ठेवायचा कसा? गादीवर स्वतः मालक बसलेला असतो तिथे ही अडचण येत नाही.

आजकाल फोनवर साड्या विकणाऱ्या बायका फोटो टाकतात आणि खाली ‘किंमत इनबॉक्समध्ये’ लिहितात. आत्याच्या ग्रुपवर रोज दहा-बारा येतात. खरं तर आपल्याकडच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्रेत्याने कर-शुल्क सगळं धरून एकूण किंमत दाखवायची असते. घरून विकणाऱ्या एकट्या बाईला मी दोष देत नाही, पण बोलणं सुरू झालं की नाही म्हणणं जड जातं, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. स्टोनगेटमधला तो जवाहिऱ्याही त्याच भरवशावर आहे. एकदा आत गेलं, खुर्चीवर बसलं, अंगठी बोटात घातली, की आकडा कितीही निघाला तरी उठून येणं कठीण. आणि ज्याला आकडा विचारायचीच लाज वाटते, तो दारातूनच परत जातो.

त्या दिवशी आमचं बिल होत असताना एक बाई आली. पायात प्लास्टिकची चप्पल, खांद्यावर झोपलेलं पोर. तिने बाहेर टांगलेल्या हिरव्या साडीचा काठ दोन बोटांत धरला, उलटा करून विणकाम बघितलं. पदर कसा आहे तेही पाहिलं. मग आत एकदा नजर टाकली. गादी, चहाचे कप, आम्ही. काठ सोडून दिला आणि पायऱ्या उतरली.

आत्यानेही पाहिलं होतं. तिने शेठजींना विचारलं, “ती हिरवी केवढ्याची?”

“साढ़े छह सौ, भाभीजी. आपको तो छह में दे दूँगा.”

आत्या उठली, गुडघ्यावर हात ठेवून दारापर्यंत गेली आणि बाजाराच्या दोन्ही टोकांना बघत उभी राहिली. बाई गर्दीत कुठेच दिसत नव्हती.