न पाहिलेल्या बर्फाचं कार्ड

डिसेंबर आला की माझं काम म्हणजे बर्फ. इथे वेंगुर्ल्यात आंब्याला मोहोर येतोय आणि मी पंखा लावून हाताने ग्रीटिंग कार्डं करतेय, पाइनची झाडं, चिमणीची घरं, कारण नाताळ आणि न्यू इयरला लोकांना हेच लागतं.

लोकांना वाटतं पांढरा रंग फासला की झाला बर्फ. वॉटरकलरमध्ये बर्फ रंगवायचाच नसतो, कागद कोरा सोडायचा असतो आणि आजूबाजूच्या छटा अशा द्यायच्या की तो कोरा कागदच बर्फ वाटला पाहिजे. पडणाऱ्या बर्फासाठी मीठ. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, ओला असताना वर मीठ टाकलं की प्रत्येक कण भोवतीचं पाणी आणि रंग ओढून घेतो, वाळल्यावर झाडलं की चांदण्यांसारखे फिकट ठिपके उमटतात. कागद चकाकत असताना टाकलं तर मीठ विरघळून जातं, चकाकी पूर्ण गेली की काहीच होत नाही, मधला जेमतेम एखादा मिनिट मिळतो. त्यात आमची हवा! शिरोड्याची मिठागरं जवळच, १९३० ला मिठाचा सत्याग्रह झाला तीच, त्यामुळे जाडं मीठ मला आपलं वाटतं, पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते हवेतला ओलावा ओढतात आणि बरणीतच पाणी सुटतं. म्हणून तव्यावर कोरडं भाजायचं आणि गार झालं की लगेच वापरायचं. यूट्यूबवर हे कोणी सांगत नाही, ते सगळे कोरड्या हवेत बसलेले.

तर त्या दुपारी एक काका आले. रिटायर्ड फौजी, आमच्याच तालुक्यातले. साताऱ्याकडच्या मित्राला पाठवायला बर्फाचं एक कार्ड हवं होतं, दोघं लडाखमध्ये द्रासला एकत्र होते म्हणे. मी तयार कार्डं पुढे ठेवली, त्यांनी एकेक नीट बघून बाजूला सारलं. मिठाचं कार्ड, ज्याचा मला भारी अभिमान, ते हातात धरून म्हणाले, "असो बर्फ नसता गो बाय. जोरात पडताना काय्येक दिसना नाय." आणि पाइनवर बोट ठेवून, "आमच्या पोस्टवर झाडा खय?"

मग मी वही काढली आणि ते सांगत बसले. रात्रभर बर्फ पडून गेलेली स्वच्छ सकाळ, उतार, आणि खाली पाण्याकडे गेलेली पावलांची एकच रांग, बास. मी नेहमीसारखे बुटांचे ठसे काढले तर त्यांनी मान हलवली. ताज्या बर्फात पाय गुडघ्यापर्यंत जातो, ठसा कुठला राहतोय, खड्डा राहतो, आणि पाय ओढून काढताना त्याची पुढची कड फुटते. हे त्यांनी काउंटरवर दोन बोटांनी चालून दाखवलं, आणि माझ्या डोक्यात चित्र लख्ख झालं.

सावली निळी हवी म्हणाले, चांगली निळी. बरोबरच आहे ते, सावलीत थेट ऊन पोचत नाही, निळ्या आभाळाचाच उजेड पडतो. पण एरवी गिऱ्हाइकाला खटकतं म्हणून मी करडी देते. त्या दिवशी अल्ट्रामरीन हा गडद निळा घेतला, त्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी अगदी नखभर, खड्ड्याची उन्हाविरुद्धची कड धारदार ठेवली, दुसरी ओल्या ब्रशने विरवली, आणि पुढच्या कडेला कोऱ्या कागदाचे बारीक तुकडे सोडले, फुटलेल्या बर्फाचे. बाकी सगळा कागद मोकळा.

कार्ड वाळेपर्यंत ते थांबले. बघून म्हणाले, "ह्यां खरा." पैसे दिले, आत आपल्या हाताने दोन ओळी लिहिल्या, काय ते मी बघितलं नाही, आणि थेट पोस्टात गेले.

शेजारच्या प्रिंटिंगवाल्याने मात्र मोबाइलमधला फोटो बघून सांगितलं, अर्धवट वाटतंय, वर सोनेरी हॅपी न्यू इयर टाक, थोडं ग्लिटर मार. या ग्लिटरने आमच्या धंद्याची वाट लावलीय, कागद कुठला, हात कोणाचा, कोणी बघतच नाही.

मी बर्फ कधी पाहिलेला नाही. काकांना चित्र येत नाही. मग त्या कार्डातला बर्फ नक्की कोणाचा, हे मला अजून नीट सांगता येत नाही, पण तेव्हापासून करडी सावली हातून उतरतच नाही.

एका रिसॉर्टची मोठी ऑर्डर चालू आहे. झाडं, घरं, मीठ, सगळं त्यांच्या सांगण्याप्रमाणे केलंय, फक्त सावल्या निळ्या दिल्यात. काल मॅनेजरचा फोन, बर्फ निळा का दिसतोय, पांढरा करून द्या. मी म्हटलं, सावली निळीच असते, मी बदलणार नाही. विचारून सांगतो म्हणाले. ॲडव्हान्स अजून परत मागितलेला नाही, म्हणून उरलेली कार्डंही निळ्या सावलीचीच करतेय.